एकवीस आकडी रविवार

गेल्या रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक होता. जलद मार्गावरच्या गाड्या धीम्या मार्गावर वळवणार, पंधरा-वीस मिनिटं उशीर, प्रवाशांनी सहकार्य करावं, हे सगळं मला आता पाढ्यासारखं पाठ आहे. ठाकूरद्वारला ताईकडे जेवायला जायचं होतं. मुलुंडहून धीम्या गाडीत दादरपर्यंत उभं राहायचं, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वेने चर्नी रोड गाठायचं आणि संध्याकाळी हीच कसरत उलटी करायची. गुडघ्यांना विचारून पाहिलं, त्यांनी साफ नकार दिला. ताईला फोन केला. तिने अळूचं फदफदं केलं होतं, हे तिने मुद्दाम दोनदा सांगितलं.

मग मी चौकटीची वही काढली आणि आठवडाभर मनात घोळत असलेलं काम हातात घेतलं. एक बारा आकडी आणि एक नऊ आकडी संख्या हाताने गुणायची. कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल नाही. उत्तर मला आधीच ठाऊक होतं, ते असं:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकवीस आकडे. २ ला २ ने गुणत गुणत सदुसष्टाव्या घातापर्यंत जायचं आणि त्यातून १ वजा करायचा, की ही संख्या येते. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल. त्या पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरं असती, तर राजाला एकूण एवढे दाणे द्यावे लागले असते.

मोठ्याने वाचायची कशी, हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला. बाबा आम्हाला झोपताना एकं, दहं, शतं म्हणायला लावायचे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) दहादहापटीने चढणारी अठरा नावं आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्यं. आमची संख्या त्याच्याही पुढची, चौदाशे पंच्याहत्तर परार्धांच्या वर. बाबांच्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या संपतात आणि ही बाई अजून वरच्या मजल्यावर उभी.

हे खूळ डोक्यात घातलं भाच्याने. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीच्या फराळाला आला होता, चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाता खाता म्हणाला, "मावशी, तुला एका माणसाची गोष्ट सांगतो. एक तास भाषण केलं आणि एक शब्द बोलला नाही."

गोष्ट अमेरिकेतली. ३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. (मी नंतर वार काढून पाहिला, शनिवार होता. आपल्याकडे ताजमहाल हॉटेल उघडायला तेव्हा दीड महिना बाकी होता.) फ्रँक नेल्सन कोल हे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. विषय जाहीर केलेला, मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. कोल उठले, फळ्याजवळ गेले आणि खडूने २ चा सदुसष्टावा घात काढू लागले. त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागावर दोन संख्या लिहिल्या,

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७

आणि त्यांचा गुणाकार मांडला. ओळीखाली ओळ, शेवटी बेरीज. दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळले. कोल खडू ठेवून जागेवर जाऊन बसले. सभा उठून टाळ्या वाजवू लागली, आणि कुणालाही प्रश्न विचारायचा नव्हता. नंतर कुणीतरी विचारलं, हे शोधायला किती वेळ लागला? म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

ही गोष्ट बेल नावाच्या गणितज्ञाने लिहून ठेवली आहे, आणि बेलसाहेबांचा हात गोष्ट रंगवण्यात सैल होता असं म्हणतात. टाळ्या किती पडल्या ते सोडून देऊ. पण ते दोन अवयव खरे आहेत, आणि ते कोल यांनीच काढले.

भाचा म्हणाला, "आता हे कुणी हाताने करत नाही. फोनला पापणी लवायच्या आत येतं." मी काही बोलले नाही. चकली मोडत मनात म्हटलं, बघू.

मी एका सहकारी बँकेत ३८ वर्षं काढली. १९८१ ला लागले, २०१९ ला निवृत्त झाले. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं फोर्टात, क्लिअरिंगमध्ये. आज ज्यांना चेक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, त्यांच्यासाठी: दुसऱ्या बँकांचे चेक बॅचने लावायचे, प्रत्येकाची रक्कम यादीत उतरवायची, मशीनवर बेरीज मारायची, कागदाची लांब पट्टी बाहेर यायची. ती बेरीज आणि स्लिपांची बेरीज जुळली पाहिजे. जुळली तर घरी. नाही जुळली, तर 'फरक' सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. फरक हा शब्द आम्ही आजाराच्या नावासारखा वापरायचो. आज फरक आहे. काल फरक निघाला. तिला फरक लागला.

त्यामुळे कोल यांच्या गोष्टीत भाच्याला जो भाग आवडला तो मला आवडला नाही, आणि मला जो आवडला तो त्याने शेंगदाण्यांबरोबर गिळून टाकला.

मला आवडलेला भाग आधीचा. १६४४ साली मेर्सेन नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक यादी दिली. २ चे अमुक अमुक घात घेऊन १ वजा केला तर मूळ संख्या मिळते, म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. घात असे: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. मधले बाकीचे चालत नाहीत. (आपल्याकडे शिवाजीमहाराज तेव्हा चौदा वर्षांचे.) एवढ्या मोठ्या संख्या त्या काळात तपासणं अशक्यच होतं. पण छापलेलं म्हणजे खरं, ही सवय तेव्हाही असावी. यादीत पुढे पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ यादीत नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते.

यादी पाहिल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? ६१ हवा होता, ६७ लिहिला गेला. १ चा ७ झाला. माझ्याआधी पुष्कळांनी हाच संशय घेतला आहे म्हणे. देवनागरीत आपली १ आणि ९ ची गल्लत होते, इंग्रजीत १ आणि ७ ची. डिपॉझिट स्लिपवर तिरका १ काढणारी गिऱ्हाइकं आम्हाला चेहऱ्याने माहीत होती. मेर्सेनने खरंच तसं केलं की नाही, हे आता कोण सांगणार. पण ६१ ची संख्या मूळ आहे, हे १८८३ मध्ये पर्वुशिन नावाच्या रशियन माणसाने सिद्ध केलं, एवढं पक्कं.

आणि त्याआधी १८७६. फ्रान्समधल्या एदुआर ल्युकाने दाखवून दिलं की ६७ ची संख्या मूळ नाही. मात्र तिचे अवयव कोणते, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. भाच्याला हे विलक्षण वाटतं. अवयव न सापडता ती फुटते हे कळतंच कसं? मला त्यात काहीच विलक्षण वाटलं नाही. मला रोज संध्याकाळी साडेपाचला तेच कळायचं. दोन बेरजा जुळत नाहीत, म्हणजे आत कुठेतरी चूक आहे, यात शंका नाही. कुठे आहे, त्याचा पत्ता नाही. ल्युकाने सांगितलं, फरक आहे. तो फरक १८७६ पासून १९०३ पर्यंत, २७ वर्षं, उघडा राहिला. आमच्या साहेबांना झोप लागली नसती.

कोल यांचं शोधणं किती अवघड होतं, ते समजून घ्यायला मी शनिवारची संध्याकाळ घालवली. भाच्याने एक नियम सांगून ठेवला होता. या संख्येला जी कोणती मूळ संख्या भागेल, तिला १३४ ने भागलं तर बाकी १ च उरते. १३४ म्हणजे ६७ ची दुप्पट. शिवाय तिला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७. म्हणजे ३, ७, ११, १३ यांना हात लावायचंच कारण नाही. मी १३४ च्या पटीत १ मिळवत गेले. १३५ ला ५ ने भाग जातो. २६९ मूळ आहे, पण ८ ने भागून बाकी ५, बाद. ५३७ ला ३ ने. ६७१ म्हणजे ११ गुणिले ६१. १०७३ म्हणजे २९ गुणिले ३७. १२०७ म्हणजे १७ गुणिले ७१. अशी सगळी गळत गळत पहिला खरा उमेदवार उभा राहिला तो १६०९. त्याने एकवीस आकडी संख्येला भागून पाहिलं. बाकी उरली. आणि कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या.

कोल यांचा लहान अवयव, १९,३७,०७,७२१, हा १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीत १ मिळवून येतो. आठाच्या नियमाने त्यातले निम्मे गाळले तरी ७,२२,७९० उमेदवार राहतात. दर उमेदवाराला एक मिनिट धरलं (एका मिनिटात होत नाही, मला सोळाशे नऊलाच सहा मिनिटं लागली), रविवारचे आठ तास धरले, तर १५०६ रविवार. जवळजवळ २९ वर्षं. त्यातून ३, ५, ७ ने जाणारे काढून टाकले तरी तेरा वर्षं होतात. कोल यांनी तीन वर्षांत भागवलं, कारण ते एकेक दार ठोठावत बसले नाहीत. वर्गसंख्यांच्या बाक्यांवरून त्यांनी चाळणी बारीक करत नेली. ती चाळणी मला नीट समजली असं मी म्हणणार नाही. भाच्याने दोनदा समजावलं, दोन्ही वेळा मी मान डोलावली.

पण सभेत त्यांनी चाळणी दाखवली नाही. तीन वर्षं कुठे कुठे चुकलो, काय काय वाया गेलं, यातलं काहीच नाही. फक्त शेवटचा गुणाकार करून दाखवला. आपल्या भाषेत त्याला एक शब्द आहे, ताळा. कोल फळ्यावर एक तास ताळा करत होते, आणि टाळ्या पडल्या त्या ताळ्याला. बँकेत मी ३८ वर्षं ताळाच केला. टाळ्या कशा असतात ते सेंड-ऑफच्या दिवशी पाहिलं, त्याही नारळाला आणि शालीला. कोल त्या सोसायटीचे सचिवही होते, म्हणजे दुसऱ्यांच्या भाषणांची नोंद ठेवणारे. हे कळल्यावर मला ते एकदम आमच्या टेबलावरचे वाटले.

तर रविवार. पोहे झाले, ह्यांनी पेपर घेतला, मी वही घेतली.

मोठी संख्या वर, लहान खाली. म्हणजे ७,६१,८३,८२,५७,२८७ ला १९,३७,०७,७२१ ने गुणायचं. खालच्या संख्येत आकडे नऊ, पण बघा: ७ तीनदा आलाय, १ दोनदा, एक शून्य. म्हणजे खरे गुणाकार चारच, २, ३, ७ आणि ९ चे. बाकी उतरवायचं. मी चार गुणाकार पाठच्या पानावर काढून घेतले. सातपट आली ५३,३२,८६,७८,०१,००९. नऊपट आली ६८,५६,५४,४३,१५,५८३. नऊपट मी गुणून काढली नाही. दहापटीतून एकपट वजा केली, ही बाबांची सवय. बाबा गिरणीत हिशेबनीस होते. पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, औटकी त्यांच्या जिभेवर असायची. साडेतिनाला औट म्हणतात हे मी एकदा भाच्याला सांगितलं, तर त्याला क्रिकेट आठवलं.

मग मुख्य पानावर आठ ओळी मांडल्या, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवत. शून्याच्या जागी दोन घरं सरकायचं, तिथे हमखास घसरगुंडी होते, म्हणून त्या ओळीच्या बाजूला आधीच फुली मारून ठेवली. मग उजवीकडून बेरीज. हातचे वर छोट्या अक्षरात. कोल यांनी फळ्यावर हातचे लिहिले असतील की मनात ठेवले असतील, हा विचार बेरीज करताना सारखा येत होता. उभ्याने, कोट घालून, सगळ्यांच्या देखत, मनात हातचे. नको रे बाबा.

ह्यांनी मध्ये एकदा विचारलं, "अगं, भाजी काय आणायची?" माझे सहा हातचे होते. मी सहा बोटं वर केली. ते सहा लिंबं घेऊन आले.

पंचावन्न मिनिटांनी खालची ओळ पुरी झाली.

१४,७५,७३,९३,४५,८९,६७,६४,१२,९२७

सुरुवात बरोबर, शेवट बरोबर. मध्ये ९५,२५ हवं तिथे माझं ९३,४५.

आधी नवाचा ताळा लावला. तो लहानपणी सगळ्यांनी केलेला असतो: आकड्यांची बेरीज करायची, एक आकडा उरेपर्यंत. लहान अवयवाची बेरीज ३७, तिचे १०, तिचा १. मोठ्या अवयवाची ६४, पुन्हा १०, पुन्हा १. एके एक. म्हणजे उत्तराचाही १ यायला हवा. माझ्या उत्तराची बेरीज १०९, तिचे १०, तिचा १. ताळा जमला! उत्तर मात्र चूक.

ज्यांनी खतावण्या केल्या आहेत, त्यांना इथेच वास आला असेल. खऱ्या उत्तराची बेरीजही १०९ च आहे. नवाचा ताळा आकडे मोजतो, त्यांच्या जागा मोजत नाही. आकडे तेच आणि जागा अदलाबदल झाली, तर तो मुकाट्याने पास करतो. म्हणून बाबा म्हणायचे, नवावर एकट्यावर भिस्त ठेवू नये, अकराचा ताळाही लावावा. उजवीकडून एक आकडा मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं शेवटपर्यंत, आणि त्याची अकराने बाकी. लहान अवयवाची येते ९, मोठ्याची ८, गुणाकार ७२, अकराने बाकी ६. खऱ्या उत्तराची बाकी ६. माझ्या उत्तराची १०. अकराने पकडलं.

पकडलं, पण चूक कुठे आहे ते अकरा सांगत नाही. ल्युकासारखंच.

इथून पुढचं मात्र माझ्या घरचं कार्य. खऱ्या उत्तरातून माझं उत्तर वजा केलं. फरक आला १८ आणि त्यापुढे बारा शून्यं. अठरा लाख कोटी. आमच्या वेळी अठरा रुपयांचा फरक आला तर साहेब कपाळाला हात लावायचे.

१९८७-८८ ची गोष्ट असेल. संध्याकाळी २,७०० चा फरक आला. पावसाळ्याचे दिवस, रुळांवर पाणी भरतंय अशा बातम्या, सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. साहेबांनी फर्मान काढलं, पहिल्या चेकपासून परत टिक मारा. मी ज्युनिअरच होते, तरी बोलले, "सर, नवाने जातोय." फरकाला नवाने भाग जात असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी आकडे उलटे उतरवलेले असतात. ८५ चे ५८, ४१ चे १४. शेजारचे दोन आकडे उलटले की फरक नेहमी नवाच्या पटीत, आणि तो कितीपट, तेवढाच त्या दोन आकड्यांमधला फरक. २७ म्हणजे नवाची तिप्पट. म्हणजे ज्या दोन आकड्यांत ३ चा फरक आहे अशी जोडी शोधा, शंभर आणि हजाराच्या जागी. वीस मिनिटांत ८,५०० चा चेक सापडला, यादीत ५,८०० झाला होता. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मॅनेजरना सांगितलं की आपण फरक काढला. असू दे. नेहमीची लोकल गेली होती, पण शेवटची नाही.

कापरेकरांचा ६१७४ पाहिलाय ना? डहाणूत जन्मलेले, देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. कुठलेही चार आकडे घ्या, सगळे एकसारखे नसले म्हणजे झालं. मोठ्यापासून लहानाकडे लावा, त्यातून लहानापासून मोठ्याकडे लावलेले वजा करा, पुन्हा तेच, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा, आणि तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. मला त्यात नेहमी आमची क्लिअरिंग दिसते. तेच आकडे उलटेपालटे करून वजा केलेत ना, मग फरक नवाच्या पटीत असणारच. ६१७४ ची बेरीज करून बघा, १८. बँकेत ज्याला आम्ही चूक म्हणायचो, त्यावर कापरेकरमास्तरांनी खेळ उभा केला.

तर १८ आणि बारा शून्यं. १८ म्हणजे नवाची दुप्पट, म्हणजे उलटलेल्या आकड्यांमधला फरक २. बारा शून्यं म्हणजे उजवीकडून तेरावं आणि चौदावं घर. माझं उत्तर कमी आलंय, म्हणजे मोठा आकडा चुकून उजवीकडे गेलाय. आता सगळा गुणाकार परत करायची गरजच नाही. मी वहीवर पट्टी उभी धरली आणि ती दोन घरं वरून खाली वाचली. पहिली ओळ तिथपर्यंत पोचतच नाही. उरलेल्या सात ओळींत जोड्या अशा: १५, ३३, ३२, ६८, १४, ४३, २५.

दोनाचा फरक असलेली जोडी एकच. ६८.

पाठच्या पानावर पाहिलं. सातपट ५३,३२,८६,७८,०१,००९. ती मी तीनदा उतरवली होती. पहिल्यांदा ८६, दुसऱ्यांदा ८६, आणि तिसऱ्यांदा, जिथे शून्य ओलांडायचं म्हणून मी फुली मारून सावध बसले होते, त्याच ओळीत ६८. शून्य सांभाळलं आणि आकडे उलटले. शोधायला लागली नऊ मिनिटं. वय वाढलंय, पण हात अजून तोच आहे, हे पाहून मला गुणाकारापेक्षा जास्त आनंद झाला, हे कबूल करते.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, बँकांच्या वेबसाइटची बरीच कुलुपं यावर चालतात. १९७७ साली तिघांनी ती युक्ती काढली: दोन मोठ्या मूळ संख्या गुणायला सोप्या, गुणाकारावरून त्या परत काढायला महाकठीण. आमच्या एकवीस आकड्यांचं कुलूप आज कुणी लावणार नाही, त्याला शेकडो आकडी लागतं. आणि २ चे घात घेऊन १ वजा करायचं वेड अजून चालूच आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एक नवीन सापडली, घात १३,६२,७९,८४१, तीही मूळ. तिच्यात आकडे किती? ४,१०,२४,३२०. मी म्हटलं, तिचा ताळा मी करणार नाही, चौकटीची वही पुरणार नाही.

पान खोडरबरने स्वच्छ करायचा मोह झाला होता. पण बँकेची सवय जात नाही. खाडाखोड चालत नाही, खोडायचं तर एकच आडवी रेघ, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, वर दुरुस्ती आणि बाजूला सही. ६८ वर रेघ मारली. वर ८६ लिहिलं. खालची बेरीज दुरुस्त केली, ९३,४५ वर रेघ, ९५,२५. दोन्ही ठिकाणी छोटी सही केली आणि तारीख टाकली. फोटो काढून भाच्याला पाठवला, ताईलाही पाठवला. भाच्याचा अंगठा आला. ताईचा फोन आला, "हे काय पाठवलंयस? आणि फदफदं उरलंय, उद्या येतेस का?"

सोमवारी ब्लॉक नसतो. जाऊन आले.